भूमिहीन संगणकाची कैफियत

मराठी घरात शिरण्यापूर्वी पादत्राणे उंबरठ्याबाहेर काढावीत, हा शिष्टाचार लहान मुलासही ठाऊक असतो. आमच्या पुण्याच्या घरात मात्र काही काळ त्याला एक पोटनियम जोडावा लागला होता. तो असा की, बैठकीच्या खोलीत मांडलेल्या संगणकाशी ज्या कोणा इसमाला काम असेल, मग तो घरचा असो, पाहुणा असो अथवा ज्यांच्या हाताखाली मी उभी हयात अव्वल कारकुनी केली ते निवृत्त मामलेदारसाहेब असोत, त्याने टेबलाखाली ठेवलेल्या रबरी चपलांच्या सार्वजनिक जोडात आधी पाय घालावेत आणि मगच यंत्राला हात लावावा. पोटनियमाचा भंग करणाऱ्याची सुनावणी होत नसे. शिक्षेची अंमलबजावणी जागच्या जागी होई. अनवाणी माणसाच्या हाताची मागची बाजू त्या पोलादी पेटीला निसटती जरी लागली, तरी मनगटापासून कोपरापर्यंत अशा काही मुंग्या येत की भल्याभल्या संयमी माणसाच्या मुखातून पहिल्या अक्षरापासूनच असंसदीय असा शब्द बाहेर पडे. मामलेदारसाहेबांनी तो उच्चारला तेव्हा मला त्यांच्याविषयी आयुष्यात प्रथमच आपुलकी वाटली.

या चमत्काराच्या निदानाविषयी घरात एकवाक्यता नव्हती. चिरंजिवांच्या मते संगणक म्हटला की एवढे चालायचेच. सौभाग्यवतींच्या मते ते यंत्र मुळातच कुलक्षणी असून ज्या दिवशी ते घरात आले त्या दिवशी अमावास्या होती, ही गोष्ट त्यांनी तेव्हाच माझ्या नजरेस आणली होती. आमच्या आत्याबाईंना मात्र, त्यांचा उजवा खांदा वर्षानुवर्षे आखडलेला असल्याकारणाने, या प्रकारात निसर्गोपचाराचा साक्षात्कार झाला. दुपारचे जेवण आटोपले की त्या मुद्दाम चपला बाजूला सारून, पेटीवर तळहात टेकवून, दुसऱ्या हाताने जपाची माळ ओढीत बसत आणि मधूनच डोळे उघडून "आज जरा कमी आहे रे," अशी तक्रार गुदरीत.

प्रकरण हातघाईवर आले ते दसऱ्याच्या दिवशी. शस्त्रे, अवजारे आणि पोथ्यापुस्तके पूजण्याच्या त्या दिवशी आमच्या घरी पूर्वी विळी, कात्री आणि माझी सरकारी टाकाची दौत पाटावर विराजमान होत असत; कालमानाप्रमाणे त्या पंक्तीत संगणकाचाही समावेश झाला होता. फरशी नुकतीच पुसलेली, सौभाग्यवती नुकत्याच न्हालेल्या, पावले अनवाणी, अनामिकेवर ओले गंध. आणि संगणक चालू, कारण चिरंजिवांचे काहीतरी 'उतरत' होते व ते मध्येच थांबविणे त्यांच्या मते शास्त्रात बसत नव्हते. गंधाचे बोट पेटीच्या लोखंडी कपाळाला टेकले मात्र, तबक, निरांजन, आपट्याची पाने आणि झेंडूची माळ ही सर्व पूजासामग्री एकाच वेळी आकाशमार्गाने निघाली.

"पावली हो, देवी पावली!" आत्याबाई हात जोडून म्हणाल्या.

"अहो," सौभाग्यवती मात्र देवीशी न बोलता थेट माझ्याशी बोलल्या, "हे आजच्या आज दुरुस्त करा, नाही तर दिवाळीचा फराळ या यंत्राकडूनच करून घ्या."

दिवाळीला फार अवधी नव्हता. ज्या विक्रेत्याने हा संगणक जोडून दिला होता त्याच्याकडे मी तातडीने फिर्याद नोंदविली. पेटीला हात लावताच झटका बसतो, हे मी शक्य तितक्या निःसंदिग्ध भाषेत सांगितले. समोरच्या तरुणाने क्षणभर गंभीर मुद्रा धारण केली.

"व्हायरस असेल, काका. फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट मारण्यात आला. त्या विधीत माझा निवृत्तिवेतनाचा सबंध हिशेब, कन्येच्या लग्नातील आहेराची यादी आणि मामलेदारसाहेबांच्या अर्धवट आत्मचरित्राचा टंकलिखित मजकूर कायमचा लयास गेला. मुंग्या तेवढ्या जशाच्या तशा परत आल्या. त्यांची प्रत कोठे जपून ठेवलेली होती कोण जाणे. त्यावर त्या तरुणाने स्पाइक बस्टर नावाची एक लांबट पट्टी माझ्या गळ्यात मारली व "यात सगळं येतं" असे आश्वासन दिले. पट्टीवर एक तांबडा दिवा होता आणि तो अखंड जळत असे. विजेच्या दाबाची एखादी अवचित उसळी आलीच तर तिला वाट काढून देणारे घटक त्या पट्टीच्या पोटात असतात, आणि त्या वाटेचे एक टोक जमिनीकडे जावे अशी अपेक्षा असते. जमिनीकडे जाणारी वाटच नसेल तर उरतो तो तांबडा दिवा. परंतु दिवा जळताना दिसला की मनुष्यस्वभाव निश्चिंत होतो. घरातील सर्वांनी चपलांचा पोटनियम त्या दिव्याच्या भरवशावर रद्द केला व सर्वांनी क्रमाक्रमाने झटका खाल्ला.

अखेरीस खरे निदान केले ते आमच्या भाच्याने. तो विद्युत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात होता आणि वसतिगृहातील जेवणाला कंटाळून आमच्याकडे आला होता. वाढलेल्या पानावरून उठून तो संगणकामागे वाकला, दोनचार ठिकाणी टेस्टर लावला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर जमिनीचं दप्तर सांभाळलंत, पण तुमच्या संगणकाला जमीनच नाही."

त्याने जे समजावून सांगितले त्याचा सारांश असा. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, वीज आत शिरते त्याच तोंडाशी, कुरकुर गाळणारी एक चाळणी बसविलेली असते. तिच्यातील दोन चिमुकले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोहोंना पेटीच्या लोखंडाशी जोडून ठेवतात, आणि त्यांतून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह प्लगच्या तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत निघून जावा अशी योजना असते. ती तिसरी वाटच बंद असेल तर बिचारी पेटी या दोघांच्या मध्ये लोंबकळत राहते आणि घरातील 230 व्होल्टांपैकी निम्मे, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्ट, तिच्या अंगावर उभे राहतात. प्रवाह इतका किरकोळ की माणूस दचकतो, मरत नाही.

"मग काळजीचं कारण नाही म्हणायचं," मी म्हणालो.

"ह्या मुंग्यांचं नाही, मामा. पण उद्या आतली फेजची वायर खरोखरच सुटून पेटीला टेकली, तर एरवी ती वीज अर्थिंगमधून धडाडून जाईल, फ्यूज उडेल आणि मामला मिटेल. अर्थिंग नसेल तर फ्यूजला काही कळायचंच नाही. पेटी पुरे 230 घेऊन गुपचूप बसून राहील, कोणीतरी येऊन हात लावीपर्यंत."

"आणि तो कोणीतरी," सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "ह्या घरात अनवाणी असतो."

या संभाषणानंतर मी त्या तिसऱ्या पिनेचे बारकाईने निरीक्षण केले आणि तिच्याविषयी माझ्या मनात विलक्षण आदर उत्पन्न झाला. ती इतर दोघींहून जाड असते, म्हणून भलत्या भोकात शिरत नाही. इतर दोघींहून लांब असते, म्हणून प्लग लावताना सर्वांआधी जागेवर हजर होते आणि काढताना सर्वांच्या मागून बाहेर पडते. कचेरीत सर्वांआधी येणारा आणि सर्वांच्या मागून जाणारा नोकर मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. दिवसभर काहीही न करणारे पुष्कळ पाहिले होते. या तिन्ही गुणांचा संगम एकाच ठिकाणी, आणि तोही पितळेत झालेला, मी प्रथमच पाहत होतो. दुर्दैव असे की, जो काही करीत नाही त्याची जागा रिकामी ठेवली तरी कारभार अडत नाही असा आपल्याकडे सर्वमान्य समज असल्यामुळे, देशातील असंख्य घरांत ही पिन एक तर मुळातून कापून टाकलेली असते, नाही तर टू-पिनच्या भोकात तीन पिनांचा प्लग बसविण्यासाठी वाकवून आकाशाकडे वळविलेली असते. ही गोल पिनांची पद्धत इंग्रजांनी 1934 साली प्रमाणित केली आणि आपल्या हवाली केली. पुढे 1947 साली त्यांनी आपल्याला स्वातंत्र्य दिले आणि त्याच साली स्वतःच्या घरांसाठी चपट्या चौकोनी पिनांचा नवा प्लग प्रमाणित केला. सत्तांतराच्या धामधुमीत ही गोष्ट आपल्या पुढाऱ्यांच्या नजरेतून निसटली असावी; गोल पिना आपल्याकडे राहिल्या त्या राहिल्याच.

पुष्कळ तगादे लावल्यावर आमचे वायरमन एका संध्याकाळी अवतीर्ण झाले. सबंध इमारतीची वीज त्यांच्या वडिलांनी खेळविलेली असल्यामुळे तिच्यात काही वैगुण्य असू शकते ही कल्पनाच त्यांना कौटुंबिक अपमानासारखी वाटे.

"अर्थिंग आहे की, साहेब. तीन भोकं दिसत नाहीत का?"

"पण पेटीला टेस्टर लावला तर पेटतो."

त्यांनी आपला टेस्टर लावला. पेटला. त्यांनी तो काढून दिव्याखाली उलटसुलट पाहिला व म्हणाले, "नवा आहे ना, म्हणून."

मी बोर्ड उघडण्याचा आग्रह धरला. स्क्रू गंजलेले असल्याने या कामी पक्कड, रॉकेल आणि वायरमनांच्या वडिलांचे पुण्यस्मरण या तिन्हींचा उपयोग करावा लागला. झाकण निघाले तेव्हा आत कोळिष्टके, पालीची दोन अंडी आणि जुन्या पांढऱ्या सिमेंटचे ढेकूळ असा ऐवज सापडला; आणि तिसऱ्या भोकाच्या मागे, होय, हिरवी तार होती. वायरमनांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मी ती तार हलकेच ओढली. वीतभर बाहेर आली आणि संपली. तिच्या टोकाला काळी टेप अत्यंत निगुतीने, घडीवर घडी घालून, गुंडाळलेली होती. जी तार कोठेही जात नव्हती तिचे टोक उघडे राहून कोणास इजा होऊ नये, एवढी दक्षता ज्या कारागिराने घेतली, त्याच्या सद्भावनेविषयी शंका घेणे कोणासही शक्य नव्हते.

"मग न्यूट्रललाच लूप मारतो," वायरमन म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. टेस्टर पेटला तर माझं नाव सांगू नका."

भाचा ओरडलाच. अर्थिंगची पिन न्यूट्रलला बांधली आणि तो न्यूट्रल मागे कोठे सैल होऊन सुटला, तर पेटीवर पुरे 230 व्होल्ट येणार होते.

"सुटला तर ना!" वायरमन शांतपणे म्हणाले. "सुटेपर्यंत तर चालेल."

या कामानिमित्त इमारतीत चौकशी केली तेव्हा माझे शेजारी या बाबतीत माझ्याहून फारच पुढे गेलेले आढळले. दुसऱ्या मजल्यावरील बँकेतील गृहस्थांनी आपल्या सर्व उपकरणांची हिरवी तार न्हाणीघरातील नळाला करकचून बांधली होती. पूर्वी हे नळ लोखंडी होते आणि ते जमिनीत जात होते हे खरे; पण मध्यंतरी खालच्या मजल्यावरच्यांनी गळतीला कंटाळून आपल्या वाट्याचा नळ प्लॅस्टिकचा करून घेतला होता. त्यामुळे बँकवाल्यांचे अर्थिंग एक मजला उतरून थांबत असे आणि त्यांच्या गीझरला जे काही सांगावयाचे असे ते वरच्या मजल्यावरील साबण लावलेल्या माणसाच्या हातात जाऊन पोहोचे. तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त मुख्याध्यापकांची योजना त्याहूनही मूलगामी होती. त्यांनी तार गॅलरीतील कढीपत्त्याच्या कुंडीत खोलवर पुरली होती आणि रोज सकाळी तिला तांब्याभर पाणी घालीत असत.

"माती ती माती," मुख्याध्यापक म्हणाले. "पृथ्वीतत्त्व सर्वत्र एकच आहे."

मी महसूल खात्याचा माणूस. सातबाऱ्यावर ज्या जमिनीचा गट क्रमांक नाही ती जमीन नव्हे, हे तत्त्व माझ्या रक्तात भिनलेले. कुंडीतील मातीला आजवर कोणी फेरफार लावल्याचे मी ऐकलेले नाही. परंतु मुख्याध्यापकांशी वाद घालण्याची प्राज्ञा कोणाची? त्यांचा कढीपत्ता मात्र उत्तम आला होता.

घरगुती उपाय खुंटल्यावर मी स्वाभाविकपणे लेखी व्यवहाराकडे वळलो. त्या वेळी लागू असलेल्या 1956 च्या भारतीय विद्युत नियमांची एक जीर्ण प्रत माझ्या हाती लागली. तिच्यातील 33 व्या नियमान्वये वीज पुरविणाऱ्याने ग्राहकाच्या आवारात, वीज जेथे आत येते तेथे, जमिनीशी जोडलेले एक टोक उपलब्ध करून द्यावयाचे असते, हे वाचून मला जो आनंद झाला तो केवळ सेवानिवृत्त कारकुनालाच समजू शकेल. नियमाचा हवाला देऊन मी तीन प्रतींत अर्ज लिहिला आणि वीजकचेरीत दाखल झालो. खिडकीमागच्या गृहस्थांनी तो पुढून, मागून व प्रकाशासमोर धरून पाहिला.

"अर्थिंग ज्याचं त्यानं करायचं असतं."

"33 वा नियम पाहावा."

"नियमाची झेरॉक्स जोडलेली नाही."

मी झेरॉक्स जोडली. साक्षांकित नव्हती. साक्षांकित करून आणली. तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारले, "जमीन कोणाच्या नावावर आहे?" जमीन सोसायटीच्या नावावर असून मिळकतपत्रिका तिच्या दप्तरात आहे, असे मी सांगताच त्यांनी अर्ज मोठ्या समाधानाने परत केला. "मग सोसायटीचा ठराव लागेल. व्यक्तीला जमीन कशी देणार?" उभ्या हयातीत हे वाक्य मी खिडकीच्या त्या बाजूने असंख्यांना ऐकविले होते, या बाजूने ते कानांना निराळेच लागते.

सर्वसाधारण सभा रीतीप्रमाणे गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि रीतीप्रमाणे तितक्याच माणसांनिशी पुन्हा सुरू झाली. त्यापूर्वी मीटरच्या खोलीत एक प्रयोग करण्यात आला होता. शंभर वॅटच्या बल्बचे एक टोक फेजला आणि दुसरे भिंतीवरून जमिनीत उतरणाऱ्या मूळ लोखंडी पट्टीला लावले होते. जमीन धड असती तर बल्ब झगझगीत पेटावयास हवा होता. तो पेटला आहे किंवा कसे हे पाहण्यासाठी विजेरी आणावी लागली. इमारत बांधताना पुरलेला जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा मिठाने कधीच खाऊन टाकलेला असणार, असा भाच्याचा अभिप्राय पडला. आणि ज्या जागी तो पुरला असण्याचा संभव होता तेथे आता फरसबंदी होऊन तिच्यावर चिटणिसांची मोटार उभी राहत असे. मोटार हलविण्याचा प्रश्न निघताच चिटणिसांना योजनेत तांत्रिक दोष दिसू लागले.

त्यानंतर जी चर्चा झाली तिचा पंचनामा करणे अवघड आहे. ज्यांच्याकडे संगणक नव्हते त्यांनी वर्गणी देण्याचे साफ नाकारले. त्यांच्याकडे गीझर, फ्रीज आणि धुलाईयंत्रे होती, परंतु ती 'आपली साधी' होती. तळमजल्यावरील वकीलसाहेबांनी हरकत घेतली, ती अशी की, सबंध इमारतीची गळकी वीज त्यांच्या शयनगृहाच्या खिडकीखाली आणून सोडणे हा सुखाधिकाराचा भंग असून त्यांच्या रातराणीस काही अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची, हे ठरावात नमूद असावे. चौथ्या मजल्यावरील बाईंचे म्हणणे, त्या जमिनीपासून सर्वांत लांब असल्याने त्यांच्याकडून कमी घ्यावे. तळमजल्यावरच्यांचे म्हणणे, ते जमिनीवरच असल्याने त्यांच्याकडून काहीच घेऊ नये. खजिनदारांनी अंदाजपत्रक मागितले. त्यात साठ सेंटिमीटर चौरस पत्रा, लाकडी कोळसा आणि मीठ या बाबी वाचताच ते थबकले.

"मीठ जाडं की आयोडीनयुक्त?"

"जाडं. खड्ड्यात ओल टिकून राहावी म्हणून घालतात."

"मग तीन दुकानांची दरपत्रकं हवीत. कोळशाचीही."

कोळसा अखेरीस कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दिला. मिठाची दरपत्रके आली, उघडण्यात आली आणि किलोमागे चार आण्यांच्या फरकावरून एक उपसमितीही नेमली गेली. तिचा अहवाल येण्यापूर्वी पाऊस आला असता, म्हणून चिटणिसांनी (मोटारीची पर्यायी सोय छपराखाली झाल्यावर) स्वतःच्या अधिकारात खणण्याचा हुकूम दिला. मुहूर्त पाहण्यात आला, नारळ फुटला, पहिली कुदळ वकीलसाहेबांच्या हस्ते पडली आणि दुसरी सांडपाण्याच्या नळावर.

जागा बदलून पुन्हा खणले. पुण्याच्या जमिनीचे एक वैशिष्ट्य असे की, तिच्यात थोडे खोल गेले की माती आपला निरोप घेते. हातभर माती, कमरेइतका मुरूम आणि पुढे थेट दख्खनचा काळा कातळ. पत्र्याची वरची कड जमिनीखाली निदान दीड मीटर असावी असा दंडक, आणि कातळाची तर त्याआधीच हरकत. आमच्या दप्तराच्या भाषेत हा शुद्ध पोटखराबा. त्यात पीक निघत नाही आणि वीज जिरत नाही. पहार, सुरुंगाच्या नुसत्या गप्पा आणि मजुरांनी मागितलेली वाढ या तीन मार्गांनी खड्डा पुरेसा खोल झाला, पत्रा उभा रोवण्यात आला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर बसले, उन्हाळ्यात पाणी घालण्यासाठी वर जाळीचे नरसाळे आणि लोखंडी झाकण आले. पाणी घालण्याची पाळी कोणाची, याचे वेळापत्रक फलकावर लावण्यात आले आणि ते कोणीही पाळले नाही. पाळण्याची गरजही भासली नाही. कारण वकीलसाहेबांच्या मोलकरणीने ते नरसाळे म्हणजे मोरीचीच एक नवी सोय आहे असे गृहीत धरून फरशी पुसलेल्या पाण्याची बादली दोन्ही वेळा तेथेच रिकामी करण्याचा परिपाठ ठेवला. पुन्हा शंभर वॅटचा बल्ब लावला तेव्हा तो असा लखलखला की खजिनदारांनी लगेच विचारले, "याचं बिल कोणत्या मीटरवर पडतंय?"

मीटरच्या खोलीपासून आमच्या बिऱ्हाडापर्यंत नवी हिरवी तार पट्टीतून आली, संगणकाच्या बोर्डात तिचा गृहप्रवेश झाला आणि त्या क्षणापासून ती पोलादी पेटी निमूट झाली. या गोष्टीची घरात कोणीही दखल घेतली नाही. न बसलेल्या झटक्याबद्दल कोणी आनंद मानल्याचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आत्याबाईंनी मात्र पेटीवर हात ठेवून बराच वेळ वाट पाहिली आणि यंत्र बिघडल्याचे जाहीर करून आपला मुक्काम धाकट्या बहिणीकडे हलविला. तिच्या घराचे अर्थिंग अद्याप झालेले नाही.

येथे थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु भाच्याने जाता जाता आणखी एक खर्च सुचविला. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा ताळेबंद अहोरात्र मांडीत बसणारे आणि त्यांत तीस मिलिॲंपिअरची तफावत आढळताच पापणी लवण्यापूर्वी सबंध घराचा पुरवठा तोडणारे असे एक खटक्याचे यंत्र मिळते, ते बसवावे, असे त्याचे म्हणणे. हिशेबातील तफावत पकडण्याची कल्पना माझ्या पूर्वायुष्याशी इतकी सुसंगत होती की मी ते विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून त्याच दिवशी आणविले. वायरमनांनी ते नाखुशीने बसविले. आणि त्या संध्याकाळपासून आमच्या घरात कोण किती गळते हे उघडकीस येऊ लागले. गीझर लावला, अंधार. पावसात गॅलरीतील दिवा लावला, अंधार. मिक्सरमध्ये ओल्या खोबऱ्याची चटणी फिरू लागली की पहिल्याच फेऱ्यात अंधार, कारण वर्षानुवर्षांच्या चटण्यांचे पाणी झिरपून मोटारीपर्यंत केव्हाच पोहोचलेले होते.

वायरमनांना पुन्हा पाचारण करण्यात आले. त्यांनी खटका वर केला, मिक्सर लावला, खटका पडला.

"साहेब, हे यंत्रच नादुरुस्त आहे. सारखं पडतंय."

"अहो, ते पडण्यासाठीच असतं."

"सगळ्यांकडे तेच झालंय. बँकवाल्यांचं काढलं, हेडमास्तरांचं काढलं. बायपास मारून देतो. दिसायला जागेवर राहील, दिवा पण लागेल, फक्त पडणार नाही."

मी ठाम नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न होता.

"अहो," सौभाग्यवती अंधारातून म्हणाल्या, "पूर्वी झटका बसत होता हे मान्य. पण चटणी तरी होत होती."

मिक्सर दुरुस्तीस गेला असून कारागिराने 'उद्या या' असे सांगितले आहे. तूर्त पलंगाखालून पाटा-वरवंटा बाहेर काढण्यात आला आहे आणि ज्याच्या तत्त्वाचा प्रश्न होता त्यानेच तो वापरावा, असा ठराव आमच्या घरात एकमताने संमत झाला आहे. मामलेदारसाहेब काल आले तेव्हा त्यांनी खोबरे अजून जाडसर असल्याचा शेरा मारून ते फेरवाटपासाठी परत पाठविले.